पीकसंरक्षणाच्या रायफलीसाठी गोळी आणि दारू कशी निवडावी

वर्धा जिल्ह्यातील कारंजा तालुक्यातून एका तरुण शेतकऱ्याने प्रश्न विचारला आहे. वडिलांच्या नावे असलेला पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना आता या शेतकऱ्याच्या नावे झाला असून घरात १२ बोअरची दुनळी बंदूक आणि .३१५ ची रायफल आहे. तुरीत आणि हरभऱ्यात रानडुकरे व रोही (नीलगायी) शिरतात, जागल करूनही निम्मे वावर हातचे जाते आणि कारखान्याची काडतुसे महाग पडतात. अमेरिकेतील शेतकरी पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरांसाठी घरीच काडतुसे भरतात, हे त्यांनी पाहिले आहे. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: .३१५ साठी हलकी आणि वेगवान गोळी कोणती घ्यावी, तिच्यामागे दारू कोणती व किती असावी, आणि चाललेल्या केस (काडतुसांची रिकामी कवचे) पुन्हा भरता येतील का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही, आणि त्याच कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग व ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. पीकसंरक्षणाचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा आणि वापरण्याचा परवाना आहे, काडतूस भरण्याचा नव्हे. त्यामुळे कोणती दारू किती घालावी, याचा आकडा मी देणार नाही. परंतु गोळी आणि दारू यांची निवड कोणत्या विचाराने होते, हे समजून घेणे तुमच्या उपयोगाचे आहे, कारण दुकानात पेटी निवडतानाही तोच विचार करावा लागतो. माझ्या नोकरीची वर्षे बंदुकीच्या दारूच्या तपासणीत गेली आणि आता मी स्वतः शेती करतो. त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

ज्यांना अमेरिकेत ‘व्हार्मिंट’ म्हणतात ती जनावरे कोणती, हे आधी नीट लक्षात घ्यावे. प्रेअरी डॉग हा कुरणात बिळे करणारा, किलोभर वजनाचा प्राणी. वुडचक त्याहून बराच मोठा, पण तोही लहानच. दोनशे-तीनशे मीटरवर बिळाच्या तोंडाशी बसलेल्या अशा लहान जनावरावर नेम धरायचा, म्हणून तेथील नेमबाज .२२३ रेमिंग्टन किंवा .२२-२५० सारख्या बारीक नळीच्या रायफली वापरतात आणि त्यांत ४० ते ५५ ग्रेनची गोळी घालतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, म्हणजे ५५ ग्रेनची गोळी साडेतीन ग्रॅमची. .२२३ मधून ती सेकंदाला जवळजवळ ९९० मीटर वेगाने निघते. तिचे तांब्याचे वेष्टन मुद्दाम पातळ ठेवलेले असते आणि टोकाला बहुधा प्लास्टिकची टोपी किंवा पोकळी असते. लक्ष्याला किंवा मातीला लागताच ती फुटून तिचे तुकडे व्हावेत, हाच तिचा हेतू असतो. त्यामुळे लहान जनावर जागीच मरते आणि जमिनीवर आपटलेली गोळी उसळून पुढच्या वस्तीकडे जाण्याचा धोका कमी होतो. हॉर्नेडीची व्ही-मॅक्स आणि सिएराची ब्लिट्झकिंग या त्याच जातीच्या गोळ्या.

आता हीच गोळी रानडुकरावर चालवली तर काय होईल, याचा विचार करा. प्रौढ नर डुकराच्या खांद्यावर आणि बरगड्यांवर कातडीखाली कूर्चेसारखा जाड, चिवट थर असतो. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळ्यांपासून तोच त्यांना वाचवतो. पातळ वेष्टनाची गोळी त्या थरावरच फुटते, वरवर तळहाताएवढी जखम करते, पण काळजा-फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही. डुक्कर तुरीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी निंदणाला आलेल्या बायांसमोर जखमी, चवताळलेले उभे राहते. रोह्याच्या बाबतीत अंतर आणखी मोठे आहे; पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. तेव्हा ‘हलकी आणि वेगवान’ ही मागणी अमेरिकेतील बिळातल्या प्राण्यासाठी रास्त असली, तरी आपल्या धुऱ्यावर ती चुकीची आहे. गोळी जनावराच्या वजनाला, हाडाला आणि अंतराला साजेशी निवडावी. वेग त्यानंतर आपोआप ठरतो.

तुमच्या .३१५ ची मूळ गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची आहे. हे काडतूस जुन्या ८ × ५० मॅनलिकर काडतुसाचेच भारतीय रूप आहे. सेकंदाला ६०० मीटरच्या आसपासचा वेग आजच्या मानाने थोडा वाटतो, परंतु वजन मोठे असल्याने तिची ऊर्जा .२२३ च्या ५५ ग्रेन गोळीपेक्षा बरीच जास्त भरते, आणि शिशाचे टोक उघडे असलेली सॉफ्ट नोज गोळी शरीरात पसरत पसरत खोलवर जाते. आपल्याला जे हवे ते या गोळीत आधीच आहे. शिवाय रायफलीची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) आणि मागची पट्टी याच वजनासाठी जुळवलेली असते. हलकी गोळी घातली की मार दुसरीकडे लागतो, आणि अंधारात बॅटरीच्या उजेडात तेवढा फरक जनावर जखमी करायला पुरेसा असतो. साध्या माशीने रात्री ऐंशी मीटरच्या पुढे या रायफलीने गोळी झाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळी आणि नळीतले आटे यांचेही नाते असते. नळीतल्या चऱ्या गोळीला फिरकी देतात आणि त्या फिरकीने गोळी नाक पुढे ठेवून जाते. लांब, जड गोळीला आवळ पीळ लागतो, आखूड, हलक्या गोळीला सैल पीळ पुरतो. .२२३ मध्ये बारा इंचांत एक फेरा देणारी नळी साधारण ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या नीट सांभाळते, तर सत्तर-पंचाहत्तर ग्रेनच्या गोळ्यांना आठ किंवा सात इंचांत एक फेरा लागतो. उलट, सात इंचांच्या पिळातून अगदी पातळ वेष्टनाची हलकी गोळी पूर्ण वेगाने काढली, तर ती मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेते आणि कधी कधी वाटेतच फुटून राखाडी रेघ होऊन विरते. म्हणून परदेशातील जाणकार दारूचा डबा उघडण्यापूर्वी नळीचा पीळ मोजतात. पेटीवरचे चित्र पाहून गोळी विकत घेणे योग्य नाही, हे यावरून ध्यानात येईल.

आता दारू, म्हणजे ज्या विषयात मी आयुष्य घातले तो. आधुनिक काडतुसातील दारू ही नायट्रोसेल्युलोजची असते. काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही मिसळलेले असते. पहिलीला एकल-आधारी आणि दुसरीला द्वि-आधारी म्हणतात. ही दारू बंदुकीत भडका घेऊन फुटत नाही, ती पृष्ठभागापासून आत जळत जाते. दाण्याचा आकार, त्यातील छिद्र आणि वरचा लेप यांवर तिचा जळण्याचा वेग ठरतो, आणि निवडीचा सारा प्रश्न या वेगाचा आहे. नळी रुंद आणि गोळी हलकी असेल तर वायूला पसरायला जागा लवकर मिळते, म्हणून झपाट्याने जळणारी दारू लागते. नळी बारीक, केस मोठी आणि गोळी जड असेल तर गोळी हळू सरकते, म्हणून सावकाश जळणारी दारू लागते. नाहीतर गोळी हलण्याआधीच दाब शिगेला पोहोचतो.

या एका नियमात गावाकडचा सर्वांत घातक प्रकार दडलेला आहे. १२ बोअरची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटर रुंद असते, आणि तिच्या नेहमीच्या काडतुसाचा कमाल दाब अमेरिकी मानकानुसार ११,५०० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ८०० किलो धरतात. .२२३ रायफलीसाठी तोच आकडा ५५,००० पीएसआय, म्हणजे जवळजवळ पाचपट आहे. यावरून काही जण असा उलटा अर्थ काढतात की बंदुकीची दारू ‘नरम’ आहे, तेव्हा ती रायफलीत चालेल. प्रत्यक्षात बंदुकीचा दाब कमी राहतो तो नळी रुंद असल्यामुळे. दारू मात्र अतिशय जलद असते. बंदुकीचे काडतूस फोडून त्यातील दारू .३१५ च्या केसमध्ये ओतली, तर तीच जलद दारू आठ मिलिमीटरच्या अरुंद वाटेत अडकते, दाब क्षणार्धात चढतो आणि बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा दांडा), चेंबर (काडतूस बसते ती जागा) किंवा नेमबाजाचा डोळा यांपैकी काहीतरी निकामी होते. असे कोणी सुचवले तर कृपया ऐकू नका. सुतळी बॉम्बमधील पांढुरकी भुकटी तर दारूच नव्हे. त्यात ॲल्युमिनियमची पूड असते आणि ती जळत नाही, फुटते. भरमार बंदुकीत ती भरून हात गमावलेली माणसे आपल्या भागात आहेत.

ज्या देशांत काडतूस भरण्यास मुभा आहे, तेथेही हे काम अंदाजाने होत नाही. गोळी बनवणाऱ्या आणि दारू बनवणाऱ्या कंपन्या तपासलेले आकडे प्रसिद्ध करतात. भरणारा त्यातील कमाल मापाच्या साधारण दहा टक्के खालून सुरुवात करतो, थोडे थोडे वाढवतो, आणि केस, टोपी (केसच्या बुडातील, दारू पेटवणारी), गोळी किंवा दारूचा लॉट यांपैकी काहीही बदलले की पुन्हा खालून सुरू करतो. टोपी चपटी झाली, बोल्ट उचलताना जड लागला किंवा केसच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला, की तो थांबतो. सावकाश जळणाऱ्या दारूचे माप फार कमी केले तरीही धोका असतो, कारण अर्ध्या रिकाम्या केसमध्ये ती अनियमितपणे पेटते. म्हणजे ‘कमी भरले म्हणजे सुरक्षित’ हेही खरे नाही.

आपल्या प्रदेशासाठी याहून महत्त्वाची गोष्ट उष्णतेची आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. डिसेंबरात पहाटे आठ-दहा अंशांवर जागल करणारा माणूस तीच पेटी मे महिन्यात वापरतो, जेव्हा चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर असतो आणि टिनाच्या छपराखाली त्याहूनही जास्त. दारू गरम झाली की ती जलद जळते आणि दाब वाढतो. काही दारूंमध्ये एवढ्या फरकाने गोळीचा वेग सेकंदाला वीस-तीस मीटरने चढतो. याच कारणासाठी ऑस्ट्रेलियातील मलवाला येथे उष्णतेचा परिणाम कमी व्हावा अशा दारू तयार केल्या गेल्या, आणि अमेरिकेत हॉजडन कंपनी त्या व्हार्गेटसारख्या नावांनी विकते. अशी दारू तुम्हाला मिळणार नाही, पण काडतुसे सावलीत ठेवणे तुमच्या हातात आहे. मोटारसायकलच्या डिक्कीत, ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा मचाणाच्या पत्र्याखाली ती दिवसभर राहू देऊ नका. घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीपासून वर, कुलुपात ठेवा.

उष्णता दुसरेही नुकसान करते, आणि ते डोळ्याला दिसत नाही. नायट्रोसेल्युलोज आपोआप, अगदी संथपणे विघटन पावत असते. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड उरलेल्या दारूचे विघटन आणखी वाढवतात. हे वायू शोषून घेण्यासाठी दारूत डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक मिसळलेला असतो. स्थिरक संपला की विघटन वेगाने होते. प्रयोगशाळेत आम्ही हे मिथिल व्हायोलेटच्या कागदाने तपासत असू. दारूचा नमुना काचनळीत घ्यायचा, वर जांभळ्या कागदाची पट्टी लटकवायची आणि नळी उष्णपात्रात ठेवायची. एकल-आधारी दारूसाठी १३४.५ अंश, द्वि-आधारीसाठी १२० अंश सेल्सिअस. ठरलेल्या वेळेआधी जांभळा रंग उडून पट्टी फिकट गुलाबी झाली, तर तो लॉट बाद. निरोगी दारू खाली बसलेली असे आणि पट्टी जांभळीच राही. जुन्या, उन्हात पडलेल्या साठ्यातील नमुन्यावर मात्र पट्टीची खालची कड पाहता पाहता निळसर होई आणि मग रंगच जाई. घरी ही चाचणी करण्याचा विचारही करू नका. काडतुसाच्या तोंडाशी किंवा टोपीभोवती हिरवट चढ आला असेल, केसच्या मानेला बारीक चीर असेल, किंवा वडिलांच्या काळातील पेटी वर्षानुवर्षे टिनाखाली राहिली असेल, एवढे पाहणे पुरेसे आहे. अशी पेटी वापरू नका.

आता १२ बोअरकडे वळतो, कारण तुमच्या वावरात बहुतेक वेळा तीच कामी येणार आहे. डुकरासाठी एलजी किंवा एसजी, याखेरीज दुसरा छर्रा नको. एलजीचे सहा आणि एसजीचे आठ दाणे एका औंसात बसतात, म्हणजे एसजीचा एक दाणा साडेतीन ग्रॅमचा असतो. .२२३ च्या ५५ ग्रेन गोळीचेही वजन तेवढेच आहे. पण दाणा गोल असतो, त्याचा वेग त्या गोळीच्या निम्म्याहूनही कमी आणि तो हवेत झपाट्याने मंदावतो. म्हणून तीस मीटर ही माझ्या मते मर्यादा आहे. बीबीचे सत्तर दाणे एका औंसात बसतात; एक दाणा अर्ध्या ग्रॅमहूनही हलका. त्याने डुक्कर मरत नाही. चार नंबरचा छर्रा मारून रोह्यांना ‘नुसते हाकलायचे’ ही आपल्याकडील पद्धत मला अतिशय क्रूर वाटते. त्याने डोळे जातात, जखमा चिघळतात आणि जनावर महिनाभर कुजत मरते. हाकलायचे असेल तर फटाके वाजवा, ढोल वाजवा, कुंपणाला सौरऊर्जेचा झटका द्या. जिवंत जनावरावर बारीक छर्रा झाडू नका.

आपल्या बंदुकीतून एलजी आणि एसजी यांपैकी कोणता छर्रा एकत्र जातो, हे नळीच्या चोकवर, म्हणजे तिच्या तोंडाशी असलेल्या आवळपणावर अवलंबून असते आणि ते कागदावरच कळते. रायफल क्लबच्या रेंजवर मोठ्या कागदावर तीस मीटरवरून दोन्ही नळ्यांनी एकेक काडतूस झाडून पाहा. वीतभर रुंदीच्या वर्तुळात चार-पाच दाणे येत नसतील, तर अंतर कमी करा. आणखी एक तपासणी त्याहून निकडीची आहे. जुन्या दुनळी बंदुकींचे चेंबर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचे असते आणि आजची पुष्कळ काडतुसे ७० मिलिमीटरची. लांब काडतूस आत बसते, झाकण लागते, पण झाडताना त्याचे तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. बंदूक उघडून नळ्यांच्या बुडाशी कोरलेले आकडे वाचा किंवा परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडून चेंबर मोजून घ्या. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल, म्हणजे ती दमास्कस पद्धतीची असेल, तर तिच्यातून आजचे कोणतेही काडतूस झाडू नका.

गोळी निवडताना जनावराइतकाच विचार तिच्या पुढच्या प्रवासाचा करावा लागतो. .३१५ ची गोळी न अडता दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि आपल्याकडे त्या अंतरात कोणाच्या तरी वावरात कोणीतरी जागलीला झोपलेले असतेच. जमिनीवर बसून, नळी एक मीटर उंचीवर धरून, चाळीस मीटरवरील डुकराच्या छातीवर नेम धरला, तर आरपार गेलेली गोळी आणखी साठ मीटर पुढे जमिनीला टेकते, तेही इतक्या तिरक्या कोनात की उन्हाळ्यातील कडक मातीवरून किंवा मुरुमावरून ती उसळते. तीच गोळी मचाणावरून, चार मीटर उंचीवरून झाडली, तर ती जनावरामागे सात-आठ मीटरवर जमिनीला भिडते. पावसाळ्यातील मऊ काळ्या मातीत ती तेथेच रुतण्याची शक्यता मोठी असते. म्हणून मी पिकाच्या कामात मचाणाला काडतुसाइतकेच महत्त्व देतो. मचाण अशा बाजूला बांधा की मारा गावाच्या, रस्त्याच्या आणि शेजारच्या जागलीच्या विरुद्ध दिशेला जाईल. तसे जमत नसेल तर रायफल घरीच ठेवून बंदूक न्या.

हे सर्व लेखी परवानगी हाती आल्यानंतरचे आहे. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या संरक्षणाखाली आहेत; २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा समावेश अनुसूची २ मध्ये होतो, आणि उभ्या पिकाला धोका असल्यास कलम ११ अन्वये सक्षम वन अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच त्यांना मारता येते. शस्त्रपरवाना हा त्या आदेशाला पर्याय नाही. तुमचा तालुका बोर व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, म्हणून आदेशात कोणते क्षेत्र आणि किती मुदत लिहिली आहे हे नीट वाचा. जनावर पडल्यावर त्याला हात न लावता वन कर्मचाऱ्यांना कळवा आणि पंचनामा होऊ द्या.

पैशाची अडचण मला समजते, परंतु या कामात काडतुसे फार लागत नाहीत. नेम आणि अंतर सांभाळणाऱ्याला एका हंगामात मोजकीच काडतुसे पुरतात. तुमच्या जागी मी असतो तर .३१५ साठी एकाच लॉटची सॉफ्ट नोज काडतुसे आणि बंदुकीसाठी चेंबरच्या लांबीची एलजी काडतुसे, परवान्यावरील मर्यादेत, हंगामाच्या तोंडाशी ताजी घेतली असती. पेटीवर खरेदीची तारीख लिहा आणि वेगवेगळ्या लॉटची काडतुसे एका पट्ट्यात मिसळू नका. घोडा दाबूनही काडतूस उडाले नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा, कारण जुन्या दारूत आग उशिरा पोहोचू शकते. मगच बोल्ट उघडा. आणि वडिलांच्या वेळची जी काडतुसे शिल्लक असतील, ती झाडून संपवण्याऐवजी परवाना सोबत नेऊन पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि त्याची पावती घ्या.